गिरणीतला गुणी पाटील

६ मार्च १९७३. दळण आणायला गेले, तर वीज गेलेली. आमच्या गिरणीवाल्यांच्या भुवयांवर कायम पीठ असतं. बोलण्याआधी ते हात झटकतात, त्यामुळे समोरचाही पांढरा होतो. वीज गेली की रेशनची मिलो ज्वारी घेऊन थांबलेल्या बायकांना ते माझ्या वाचनालयातली कादंबरी वाचून दाखवतात.

कादंबरीतला तरुण पाटील आधी दिलदार असतो; दुष्काळ पडतो तसा कठोर होत जातो आणि शेवटी धान्याच्या कोठाराला कुलूप लावतो. गिरणीवाल्यांनी मात्र खुशाल वाचलं, की त्यानं कोठार गावाला उघडून दिलं.

"लय गुणाचं पोरगं," रांगेतली म्हातारी म्हणाली आणि तिनं मागच्या लेकुरवाळीला आपल्यापुढं घेतलं.

वीज आली, दळणं उरकली. बायका गेल्यावर मी म्हटलं, "पुस्तकात असं नाही."

त्यांनी हात झटकले. "ठावं हाय, बाई. पर ह्याच बाया रांगेत झिंज्या उपटत हुत्या. त्यो चांगला निघाल्यापास्नं एकमेकींना नंबर देत्यात. आता त्याला बिघडवू व्हय?"

७ मार्च. सकाळी त्या म्हातारीची शिकलेली सून वाचनालयात आली. गिरणीवाल्यांची झाली की कादंबरी मला द्या, म्हणाली. ती बाइंडिंगला जाणार आहे, असं सांगून मी तिला विणकामाचं पुस्तक दिलं.