कानामागची पुळी

एक गोष्ट मी तीन दिवस कुणाला सांगितली नाही, आणि त्या तीन दिवसांत माझं चित्त काही ठिकाणावर नव्हतं.

झालं असं, की केडगावात आमच्या शेजारच्या पोराला कांजिण्या आल्या होत्या. आमच्याकडं त्यांना बाया म्हणतात. बाया अंगावर असेपर्यंत घरात फोडणी द्यायची नाही, आणि त्या उतरल्या की दहीभाताचा नैवेद्य दाखवून चार पोरींना जेवू घालायचं. मंगळवारी शेजारीण म्हणाली, "धाडा की नातीला. बाया गेल्या आता." मी सहा वर्षांच्या नातीला घेऊन गेले. म्हटलं, हिला कांजिण्यांची लस टोचलीय, हिला काय होतंय!

पानावर बसल्यावर त्या पोराच्या कानामागं मला एक पुळी दिसली. पाण्यानं भरलेली, टपोरी. खपली धरलेलीच नव्हती. आणि तो माझ्या नातीच्या मांडीला मांडी लावून बसलेला. तेव्हाच उठायला हवं होतं. पण नैवेद्याच्या पानावरून पोरीला उठवायचं, ते काही माझ्याच्यानं झालं नाही.

नातीची एवढी काळजी नव्हती हो. काळजी होती लेकीची. ती अकोल्याला दिलेली, आठवा महिना, रविवारी बाळंतपणाला यायची होती. आणि तिला कधी कांजिण्या आलेल्याच नाहीत. लहानपणी तिचा भाऊ फोडांनी भरला, तेव्हा मीच तिला उचलून मामाकडं धाडली होती. केवढी शहाणी समजले होते मी स्वतःला!

दिवसातून दहादा नातीचा फ्रॉक वर करून पोट बघायची. "आई, काय शोधताय सारखं?" सून म्हणाली. शेवटी शुक्रवारी सकाळी सांगून टाकलं. ती रागावली नाही, पण चहाचा कप जरा जोरातच ठेवला. "दुसरा डोस राहिलाय तिचा. तुम्हीच म्हणालात, एकदा टोचलंय ना, कशाला पोरीला रडवायचं."

म्हणाले होते खरं.

तशाच दोघी नातीला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "आजी, एका डोसानं बरीच मुलं वाचतात, सगळी नाही. दोन्ही झाले की भरवसा जास्त. लस घेऊनही आल्याच, तर सहसा थोड्या येतात, पण दुसऱ्याला लागू शकतात. पोटुशी बाईला ही लस देता येत नाही. लेकीला सध्या इकडं आणूच नका." दुसरा डोस त्यांनी तिथंच दिला.

लेकीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तेव्हा मामाकडं धाडलं नसतंस, तर आज आले असते की गं." हसत म्हणाली, पण मला ते लागलं.

पंधराव्या दिवशी नातीच्या पोटावर पुळ्या उठल्या. मोजून सात. ताप नाही, काही नाही. पोरगी आपली पलंगावर उड्या मारतेय. शेजारीण दारातूनच म्हणाली, "बगा, टोचून काय उपेग झाला?"

"तुमच्या पोराच्या मोजता तरी आल्या होत्या का?" मी म्हटलं.

पुळ्यांच्या खपल्या पडल्या, पण माझा धीर होईना. लेकीला आणायचा विषयच मी काढला नाही. मला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात, कपाळावर वण आहे अजून. डॉक्टरांना विचारून मी अकोल्याच्या विहीणबाईंना फोन लावला, "बाळंतपण तुमच्याकडंच करू. मीच येते."

"या की," त्या म्हणाल्या, "पण लुगडी धुऊन या बरं."

दोनदा धुतली. आणि वाळेपर्यंत दोरीपाशी येरझाऱ्या घालत राहिले.