आमचा निळा बलभीम

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच चहा नाकात गेला तर मी जबाबदार नाही. यंदा दसऱ्याला मी जे केलं, ते शुद्धीतला माणूस करत नाही. पण चूक कबूल करणार नाही, हेही आधीच सांगतो!

आमचं गाव विश्रांतवाडीच्या पुढे. गाव कसलं, केव्हाच पुण्यात गेलं. शेतात आता सोसायट्या उगवतात. पण दसऱ्याची मिरवणूक अजून निघते, आणि सर्वांत पुढे राहायचा मान गावातल्या सगळ्यात जुन्या ट्रॅक्टरचा. म्हणजे आमच्या वडिलांच्या निळ्या बलभीमचा. वडील गेले, पण मान मी सोडला नव्हता.

यंदा गावातल्याच तानाजीला खुमखुमी आली. त्यांच्या घरी पिढीजात लाल सोनगरुड कंपनीचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला हार घालून झाले, नारळ फोडायचा तेवढा बाकी, आणि हा म्हणतो, "आबा, बलभीम कंपनीच सोनगरुडच्या मागून निघाली. मग तुमचा ट्रॅक्टर आमच्या आधीचा कसा?"

झालं! माझं डोकं सटकलं. मी माइक हिसकावला आणि बलभीमचा इतिहास सुरू केला. कंपनीचे मालक आधी विहिरीचे पंप कसे बनवायचे, मग नांगराचे फाळ, मग इंजिन... अर्धा तास! निम्मं ठाऊक होतं, निम्मं तिथल्या तिथे सुचलं. वर ठणकावलं, "आणि सोनगरुड? आमच्या घराण्यात त्याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही!"

"मग दाखवा की," तानाजी म्हणाला. "इंजिनावर कंपनीचं नाव अन् साल ओतलेलं असतंय. रंग खरवडा."

"आत्ता खरवडतो!"

आमचे मेकॅनिक रशीदभाई कानाशी लागले. "आबा, नका खरवडू. रंग चांगला आहे."

"का? खाली चोरीचा माल आहे?"

"तसं नाही, पण सणाचा दिवस..."

"पेचकस आणा!"

निळ्या रंगाचा जाड थर निघाला. खाली लाल. आणि लालाखाली ठसठशीत अक्षरं: सोनगरुड!

मी रशीदभाईंकडे बघितलं. "निळा रंग माझ्या अब्बांनीच दिला होता," ते पुटपुटले. "तुमचे आजोबा कट्टर बलभीमवाले. त्यांच्या भीतीनं तुमच्या वडिलांनी लाल ट्रॅक्टर परस्पर निळा करून घेतला, आणि आम्हाला शपथ घातली."

तोवर तानाजीनं साल वाचलं. "आयला! हा तर आमच्याहून जुना हाय! आबा, मान तुमचाच. फक्त माइकवर म्हणा, आमचा ट्रॅक्टर सोनगरुड हाय."

एवढंच म्हणायचं होतं हो! कुणीही म्हटलं असतं. मी काय म्हणालो?

"आमच्या घरी सोनगरुड कधी आलाच नाही!"

"मग हा कुणाचा?"

"कुणाचा का असेना, माझा नाही!"

"बरं," म्हणत तानाजी सीटवर चढला, आणि माझ्या वडिलांचा ट्रॅक्टर घेऊन मिरवणुकीच्या पुढे निघालासुद्धा! मी मागून चालत, धूर खात. पण छाती काढून!

चौकात ट्रॅक्टर बंद पडला. "धक्का मारा रे कुणीतरी!" तानाजी ओरडला. पहिला कोण धावला असेल? अहो, बापाचा ट्रॅक्टर भर रस्त्यात अडलेला मला बघवेल का?

वरून तानाजी दात काढत विचारतो, "काय आबा, तुमचा नाही ना?"

"नाही म्हणजे नाही!" मी खालून ओरडलो. "आणि क्लच हळू सोड गाढवा, वडिलांनी कधी असा झटक्यात सोडला नव्हता!"