महागूची छत्री

बालाघाटचे बंडोपंत हरकरे नकाशे काढण्याच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांच्या हातात पहिल्यांदा जीपीएस आलं. साल २००८. वनजमिनीच्या दाव्यांसाठी शेतं मोजायची होती आणि माहितगार माणसं कमी होती. नवख्यांना शिकवायचं कामही त्यांच्याकडेच आलं. ते सांगत, हे यंत्र मुठीत मावतं, पण त्याला आभाळ मोकळं लागतं. डोंगराच्या पायथ्याशी निम्मे उपग्रह झाकले जातात. ओल्या पानांखाली उरलेल्यांचा संदेश क्षीण होतो. आपली जागा किती मीटरनं चुकत असेल, ते यंत्रच पडद्यावर दाखवतं; ही चूक दहा मीटरच्या वर दिसली तर बिंदू घ्यायचा नाही. थांबायचं, नाहीतर मोकळ्यात बिंदू घेऊन कोपऱ्यापर्यंत फीत लावायची.

जुलैत ते तिरोडीपलीकडच्या एका गावात महागूचं शेत मोजायला गेले. डोंगराखालचं अडीच एकर, तीन पिढ्यांची वहिवाट. तीन कोपरे उघड्यावर होते, ते नीट आले. चौथा नाल्याकाठी, ऐनाच्या दाट झाडांखाली. तिथंच महागूच्या बापानं खणलेली विहीर होती. पाऊस लागला होता. यंत्र भिजू नये म्हणून महागूनं आपली छत्री त्यावर धरली आणि स्वतः भिजत राहिला. पडद्यावर चूक एक्केचाळीस मीटर. फीत जीपमध्ये, जीप नाल्यापलीकडे, आणि नाल्याला पाणी चढतंय म्हणून ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बंडोपंतांनी बटण दाबलं. फॉर्मवर चूक लिहायला रकाना नव्हता.

ऑगस्टमध्ये नकाशा आला. शेत पावणेदोन एकर भरलं होतं. विहीर हद्दीबाहेर, जंगलात.

महागू बसनं बालाघाटला आला आणि बंडोपंतांच्या ओट्यावर बसला. तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, "साहेब, माही छत्री आडवी आली का जी?"

कापडी छत्रीनं असा फरक पडत नाही, हे बंडोपंतांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "ढगही फार होते त्या दिवशी." ढगांनीही पडत नाही, हेही ठाऊक होतं. महागूनं मान हलवली, चहा संपवला आणि तो परतीच्या बसला गेला.

सप्टेंबरअखेर बंडोपंत त्याच गावात जिजाबाईंचं शेत मोजायला गेले. सर आली. साठी उलटलेल्या जिजाबाईंनी उघडलेली छत्री मिटली आणि त्या दहा पावलं मागं जाऊन भिजत उभ्या राहिल्या. छत्री उघडा म्हटलं तर म्हणाल्या, "नाही जी. छत्रीपायी महागूची हीर गेली." सोबतचे लोक हसले. गावात महागूचं नाव आता छत्रीवाला पडलं होतं.

मोजणी आटोपून बंडोपंत महागूच्या घरी गेले. तो दारात बसला होता, त्याची बायको दुर्गाबाई तांदूळ पाखडत होती. ते उभ्यानंच बोलले, "छत्रीचा दोष नव्हता. यंत्र चूक दाखवत होतं, ते मला दिसत होतं. मी थांबलो नाही."

दुर्गाबाईनं सूप खाली ठेवलं.

"दीड महिना मी याले त्या छत्रीपायी बोलून राह्यली. तवा काहून नाही सांगितलं जी तुमी?"

घरी येऊन बंडोपंतांनी फेरमोजणीचा अर्ज लिहिला. एक्केचाळीस मीटर हा आकडा अंकी आणि अक्षरी घातला, खाली स्वतःचं नाव. कार्यालयात त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं.

फेरमोजणीचा आदेश मार्चमध्ये निघाला. ऐनाची पानं झडली होती. विहिरीच्या काठावर बंडोपंत अर्धा तास थांबले. चूक सहा मीटरवर आली. तरी त्यांनी मोकळ्यातून फीत लावून कोपरा पुन्हा ताडून पाहिला. विहीर हद्दीच्या आत आली.

ऊन कडक होतं. महागू डोक्याला दुपट्टा गुंडाळून आला होता. छत्री घेऊन या, असं बंडोपंतांनी त्याला दोनदा सांगितलं.

"राहू द्या जी," महागू म्हणाला, आणि यंत्र बंद होईस्तोवर दहा पावलं दूर उन्हात उभा राहिला.