हळदीचा वास आणि आबांचा होकार

फाल्गुनातल्या उन्हात कुरुंद्याच्या शिवारावर शिजत्या हळदीची वाफ तरंगू लागते, तिचा मातकट, उग्र गंध अंगावरच्या कपड्यांत दिवसभर रेंगाळतो, आणि केवळ त्या गंधावरून कढईतली हळद काढायची नेमकी वेळ ओळखण्यात आमच्या भावकीत पहिला मान माझ्या वडिलांचा, आबांचा. म्हणूनच गेल्या वर्षी कढईशेजारी बसूनही त्यांनी हळदीचा गाळ होऊ दिला, तेव्हा मी आणि माझा भाऊ त्यांना नाही नाही ते बोललो. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढे आम्ही आबांना नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून नाकाशी कॉफीची पूड धरली. आबा म्हणाले, "कायबी न्हाई." मग एमआरआय झाला. मेंदूच्या आवरणावर, कपाळामागे, लिंबाएवढी गाठ होती. कर्करोगाची नव्हे, काढली की माणूस बहुधा सावरतो, वास मात्र परतेलच असं नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. अशी गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते आणि तिच्या दाबाने स्वभावही पालटू शकतो, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. घरच्यांचा जीव भांड्यात पडला आणि मी गोंधळून गेले.

कारण जातीबाहेरच्या सोयरिकीचं नावही न काढू देणारे आबा, तीन वर्षांपूर्वी माझ्या लग्नाला एका शब्दात "व्हय" म्हणाले होते. माझा सगळा संसार त्या होकारावर उभा आहे. तो माझ्या वडिलांनी दिला होता, की त्या गाठीने? शस्त्रक्रियेसाठी त्यांना आत नेलं तेव्हा ते बरे व्हावेत म्हणून मी हात जोडले होते, आणि अगदी पूर्वीसारखे होऊ नयेत असंही मला वाटत होतं.

गाठ निघाली. आबांचा जुना करडा आवाज परतला, वास परतला नाही. यंदा कढई चढली तेव्हा धीर करून मी विचारलं, "आबा, माझ्या लग्नाला तुमी व्हय काहून म्हणले?"

वाफेकडे पाहत ते म्हणाले, "बराबर आठवत न्हाई, माय."

तेवढ्यात माझा नवरा सरपण घेऊन आला, आणि आबांनी त्याच जुन्या करड्या स्वरात त्याला हाक मारली, "जावईबापू, हितं बसा. वास सुटला की मला सांगा."

त्याला तो वास ओळखता येत नाही, हे आबांना ठाऊक आहे. लहानपणापासून तो ओळखणारा माझा भाऊ तिथेच उभा होता.