सीझरला सावध करायला गेलेला माणूस

आजारी ताईच्या उशाशी बसून मी तिला काळप्रवासाची एक कथा वाचून दाखवत होतो. आपल्या काळातला एक माणूस रोमला जातो आणि सीझरला सांगतो, "आज सभेत जाऊ नका, तिथे तुमचा खून होणार आहे." सीझर शांतपणे ऐकून घेतो आणि तरीही जातो. अशा कथांमध्ये तो कितीदा तरी मेला आहे, आणि त्याला वाचवायला गेलेले बहुतेक जण हात हलवत परतले आहेत.

ताई म्हणाली, "त्याला निदान कुणीतरी सांगितलं. माझा रिपोर्ट तू चार दिवस खिशात घेऊन फिरतोयस."

मी पुस्तक मिटलं आणि कागद तिच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला.

"उद्या माझ्या लेकीला बोलावून घे," ती म्हणाली. "तिला मीच सांगेन."