बाबांच्या गप्प बसण्याचं गणित

झेनर डायोडचं सर्किट मी वीस वर्षं शिकवते आहे, विरारच्या एका डिप्लोमा कॉलेजात. दिसायला तांदळाच्या दाण्याएवढा, पण मागून कितीही व्होल्ट येवोत, पुढे ठरलेलेच जाऊ देतो. जास्तीचा करंट स्वतः पिऊन टाकतो. प्रत्येक बॅचला मी घसा फोडून सांगते, की बाबांनो, लोड म्हणजे करंट खाणारं उपकरण; तो जोडलेला असतो तोवर झेनर मजेत असतो; लोड करंट घ्यायचा थांबला, की सगळाच्या सगळा करंट त्या एकट्याच्या अंगावर येतो. म्हणून आधी नो-लोडचं गणित करा, मग बाकीचं. जो हे विसरतो त्याचे मार्क मी दयामाया न दाखवता कापते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! मी स्वतः विसरले, आणि तेही माझ्या वडिलांच्या बाबतीत.

बाबांचं स्वरयंत्र कॅन्सरमुळे काढावं लागलं. होळी गावात आमची वाडी आहे, केळीची आणि फुलांची. तिथे बाबांनी एका टोकाला हाक मारली की बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यापलीकडे काम करणाऱ्या गड्याला ती स्पष्ट ऐकू जायची. आता ते विरारला आमच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि गळ्याला एक मशीन लावून बोलतात. टॉर्चएवढं मशीन, बटण दाबलं की गुणगुणतं, आणि ओठ हलवले की त्या गुणगुणण्याचे शब्द होतात. वाडीत राहिलेली माझी आत्या, बाबांची मोठी बहीण, त्याला भुंगा म्हणते. तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे चिठ्ठी नाही, मोबाइलवरचा मेसेज नाही, भाऊ तिच्यापर्यंत पोचतो तो फक्त या भुंग्यातून. रोज दुपारी चार वाजता फोन. केळीचा घड केवढा, पंपाचं काय झालं, कोणाकडे बारसं आहे. दोघं आमच्या घरच्या बोलीत बोलायची आणि माझ्या नवऱ्याला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही.

मशीनची बॅटरी दम धरेना. ती खास त्या मशीनची, बाहेर कुठे मिळत नाही, मागवली तर महिना लागणार म्हणाले. मी म्हटलं, घरात इलेक्ट्रॉनिक्सची मास्तरीण असताना महिनाभर कसली वाट बघायची? नऊ व्होल्ट तर हवेत! जुना पंधरा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर होता. मशीन बोलताना नव्वद मिलिअँपिअर घेतं, तेवढं मोजलं. झेनरला थोडे सोडले, छप्पन ओहमचा रेझिस्टर निघाला. लॅबच्या ड्रॉवरमध्ये अर्ध्या वॅटचा झेनर होता, बाबा बोलत असताना त्याच्यावर वॅटचा सहावा हिस्साही पडत नव्हता. शहाणपणा म्हणून वीज साठवून ठेवणारा एक कपॅसिटर टाकला आणि सगळं साबणाच्या डबीत बसवलं. बाबांनी बटण दाबून पहिलं वाक्य म्हटलं, "झकास झालंय." मी इतकी फुगले, की कॉलेजातही चार जणांना सांगून आले.

आठवडाभर छान चाललं. बाबा दिवसभर कोणाशी ना कोणाशी बोलत. मध्येमध्ये दम घेत, तेवढ्यात झेनर तापत असणार, पण पुन्हा बोलायला लागले की निवत असणार. मग त्या सोमवारी मी परीक्षेच्या सुपरव्हिजनवरून वैतागून घरी आले, तर बाबा केबलवाल्याला आत बसवून वाडीतला जुना किस्सा सांगत होते. मी डबीला हात लावला. कोमट लागली. रेझिस्टर आहे म्हणजे कोमट लागणारच, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण डोकं तापलेलं. मी त्या माणसासमोरच बाबांवर खेकसले, "जरा जपून वापरा ना. कामापुरतं बोला."

बाबांनी मशीन टेबलावर ठेवलं. केबलवाला चहा अर्धा टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. आदल्या रात्री आत्या पडून तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि बुधवारी सकाळी ऑपरेशन होतं. या वयात भूल द्यायची म्हणजे काही खरं नाही, असं डॉक्टरांनीच सांगून ठेवलेलं. जिना उतरण्याची बाबांमध्ये ताकद नव्हती, म्हणजे तिच्याशी बोलायचं ते चारच्या फोनवरच. त्या फोनसाठी मी लवकर घरी आले. दारातच करपल्याचा वास आला.

बाबा खुर्चीत बसले होते. डबी माझ्याच सूचनेप्रमाणे सकाळी आठला चालू केलेली. आणि आठपासून ते एक अक्षर बोलले नव्हते. दूधवाल्याला हातानेच खूण केली, शेजारच्या काकू आल्या तर नुसते हसले. सगळं बोलणं बहिणीसाठी राखून ठेवलं होतं. गॅसवर काही करपलंय का बघायला मी आत धावले, तेवढ्यात चार वाजले, आत्याचा फोन लागला, बाबांनी मशीन गळ्याला लावलं आणि बटण दाबलं. एकदा टक् झालं. मग काही नाही.

मी डबी उघडली. झेनर काळा पडून मधोमध तडकला होता. मशीन गप्प म्हणजे लोड नाही. अर्ध्या वॅटच्या त्या दाण्यावर सकाळपासून एक वॅट. तो जळून तुटल्यावर पंधरा व्होल्टना अडवणारं कोणी उरलं नाही, माझा शहाणपणाचा कपॅसिटर तेवढ्याने भरून बसला आणि बटण दाबताच ते सगळं मशीनमध्ये गेलं. मी बाबांच्या बोलण्याचं गणित केलं होतं. ते गप्प बसतील, मीच त्यांना बसवीन, हे मी धरलंच नव्हतं.

फोनवर आत्या हॅलो हॅलो करत होती. मी तिला सांगितलं, मशीन बिघडलंय, बाबा लिहून देतील ते मी वाचून दाखवते. बाबांनी लिहिलं, मी वाचलं. ती म्हणाली, तू नको गं, त्याला दे. मी फोन बाबांच्या हातात दिला. ते फोन कानाला धरून ओठ हलवत राहिले. शब्द सगळे होते, मला ओठांवरून वाचता येत होते. तिकडून आत्याचा आवाज मला लांबूनही ऐकू आला, "बोल ना रे. रागावलास का?"

मी काय करणार होते? हातात जळका झेनर घेऊन उभी होते.

आत्या ऑपरेशनमधून निभावली, देवाची कृपा. नवीन मशीन यायला दोन महिने लागले. पण त्या मंगळवारी फोन ठेवल्यावर बाबांनी मला जी चिठ्ठी दिली, ती मी अजून पर्समध्ये बाळगते. तिच्यात लिहिलंय, "तुझी डबी चांगली होती. मीच आठवडाभर फार बोललो, म्हणून जळली."

मी त्यांना समजावलं नाही असं नाही. कागदावर सर्किट काढलं, करंटचे बाण दाखवले. रडत रडत सांगितलं, की बाबा, तुम्ही बोलत होतात म्हणून ती टिकली होती, चूक माझी आहे. त्यांनी मान डोलावली, अगदी माझी मागच्या बाकावरची मुलं डोलावतात तशी. नवीन मशीन बॅटरीवर चालतं, त्याला डबीबिबी काही लागत नाही. तरी ते कपाटात असतं. चारला पाच मिनिटं कमी असताना बाबा ते काढतात, आत्याशी बोलतात, पुसून परत ठेवतात. मी म्हणते, "बाबा, माझ्याशी बोला ना थोडं." ते कपाटाकडे बघतात आणि हाताने खूण करतात, की राहू दे, उद्याला लागेल.