दाट तिथीचे आप्पासाहेब

आप्पासाहेब शेजूळ भुकेनं कासावीस होऊन घरी आले, की शेजाऱ्यांनी खुशाल समजावं, आज लग्नतिथी दाट होती. इतर माणसं लग्नाला जातात आणि ढेकर देत परततात. आप्पासाहेब चार-चार, सहा-सहा लग्नं उरकून औरंगपुऱ्यातल्या घरी यायचे, डोक्यावरचा फेटा खुंटीला अडकवायचे आणि चतुराबाईंना म्हणायचे, "अगं, पिठलं टाक जरा. पोटात आग पडली नुसती."

चतुराबाई त्यांच्याच स्कूटरच्या मागच्या सीटवरून नुकत्याच उतरलेल्या असायच्या. अंगावर जरीची साडी, मांडीवर आहेराची पिशवी सांभाळून पाय अवघडलेले, आणि पोटात सकाळचा चहा. त्या त्याच साडीवर पदर खोचून बेसन कालवायला घ्यायच्या. लग्नाची गरम जिलेबी कशी लागते हे त्या लग्न झाल्यापासून विसरल्या होत्या, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

पाटबंधारे खात्यात आप्पासाहेब हेडक्लार्क होते. पण ती नोकरी त्यांनी फावल्या वेळात केली म्हणायची. त्यांचा खरा धंदा हजेरीचा. मांडवात शिरायचं ते माईकच्या बाजूनं, म्हणजे सूत्रसंचालकाला आपण दिसलो पाहिजे. मग मुलीच्या बापाचा हात हातात, मुलाच्या बापाच्या खांद्यावर हात, एखाद्या म्हाताऱ्या आत्याबाईच्या पाया पडणं, आणि माईकवर नाव पुकारलं गेलं रे गेलं, की घड्याळ बघत, "येतो बरं का, पुढं अजून तीन हायेत." कितीतरी पत्रिकांवर "आपले नम्र" म्हणून त्यांचं नाव छापलेलं असायचं. छापणाऱ्यानं विचारलेलं नसायचं आणि ह्यांनीही कधी हरकत घेतलेली नव्हती. सत्काराच्या टोपी-टॉवेलांनी घरातल्या दोन पेट्या भरल्या होत्या. तो टॉवेल असा, की त्यानं अंग पुसलं तर अंग ओलंच राहायचं आणि टॉवेल मात्र फाटायचा. चतुराबाई त्यातून ताक गाळायच्या.

हल्ली आप्पासाहेब एका तिथीला एकच लग्न करतात आणि पहिल्या पंगतीला मांडी घालून बसतात. ही सुधारणा कशी झाली, ते ऐकण्यासारखं आहे.

त्याआधी त्यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माणूस नुसता मिरवणारा वाटेल. त्यांचे वडील चितेगावचे शेतकरी. भारी एकलकोंडे, कुणाच्या दारात कधी गेले नाहीत. मग आप्पासाहेबांच्या थोरल्या बहिणीचं, मनकर्णाचं, लग्न निघालं तेव्हा गावानंही त्यांचं दार टाळलं. मांडवात माणसं तीस आणि भात तीनशेंचा. त्या संध्याकाळी वडिलांनी बारा वर्षांच्या आप्पाला भाताच्या ढिगाजवळ उभं केलं आणि म्हणाले, "मी चुकलो. तू चुकू नको. जिथं बोलावतील तिथं तोंड दाखवून येत जाय." आप्पासाहेब त्यानंतर छत्तीस वर्षं तोंड दाखवत हिंडले. जेवून ये, असं वडील म्हणाले नव्हते, एवढंच.

आता गयास. गुलमंडीत गयासचं टोप्यांचं दुकान. त्याचे वडील निजामाच्या काळात तुर्की टोप्या विकायचे. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला आणि एका महिन्यात त्या टोपीला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्यांनी पांढरं कापड आणलं, मशीन तेच ठेवलं आणि गांधी टोप्या शिवायला बसले. आप्पा चितेगावहून शहरात शिकायला होता, त्या शाळेतही तसंच झालं. आधी सगळं उर्दूत चालायचं तेव्हा आप्पा गयासच्या पाटीत बघून लिहायचा. पुढं मराठी आली तेव्हा गयास आप्पाच्या पाटीत बघायला लागला. दोघांचं एक बाक आणि एकच मार्क. तेव्हापासूनची ही दोस्ती.

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात गयास पोरीच्या लग्नाचा रुक्का घेऊन आप्पासाहेबांकडं आला. गुलशन त्याची एकुलती एक. निमंत्रण चतुराबाईंच्या हातात देऊन तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर येणारच. ह्याचं काय?"

"मी नाय येणार तर कोण येणार?" आप्पासाहेब म्हणाले. "तारीख कोणती?" आणि त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. त्या रविवारच्या चौकोनात आधीच चार नावं लिहिली होती. आप्पासाहेबांचा चेहरा गयासनं टिपला.

"सुन आप्पा," तो म्हणाला. "मेरे शादी में आया, मुंडी दिखाया और भागा. मेरे भाई के शादी में बी वैच किया. माझ्या दुकानातली टोपी तू रोज डोक्यावर घालून हिंडतो, पण माझ्या घरचा घास तुझ्या पोटात कधी गेला नाही. आता ऐक. दोन वाजता तुझं ताट वाढतो. तू समोर बसल्याशिवाय मी जेवणार नाही. आणि नहीं आया, तो फिर दुकान पे बी नक्को आ."

हे तो हसत बोलला नाही. आप्पासाहेबांनी गळ्याची शपथ घेतली. गयास जिना उतरून गेल्यावर चतुराबाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी एकच लग्न करणार. सकाळीच मला गयासभाईंच्या घरी, आबेदाभाभींकडं सोडा आणि तुम्ही गाव हिंडा."

रविवारी त्यांनी शब्द खरा केला. गुलमंडीच्या तोंडाशी स्कूटरवरून उतरल्या, नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "दोन वाजता," आणि गल्लीत शिरल्या. लग्नाचं जेवण एका शाळेच्या अंगणात होतं, तिथं चुलीवर देगी चढल्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. आप्पासाहेबांनी तो वास घेतला आणि किक मारली.

शहरातली पहिली दोन लग्नं त्यांनी अकराच्या आत झोडपली. दुसऱ्या मांडवातून निघताना डोक्यावर गुलाबी फेटा चढला होता. तिसरं चितेगावला, बद्रीनाथ नावाच्या भावकीतल्या माणसाच्या मुलीचं. तिथून साडेबाराला निघायचं, एक वाजता शहरात यायचं, तात्यासाहेब ह्या आपल्या साहेबांच्या मुलाच्या लग्नात पाच मिनिटं उभं राहायचं आणि दोनच्या आत गयासच्या ताटावर. हिशोब बरोबर होता. फक्त चितेगावच्या शाळेच्या मैदानावर त्या दिवशी दोन मांडव शेजारी शेजारी पडले होते, हे त्यात धरलेलं नव्हतं.

आप्पासाहेब नेहमीसारखे माईकच्या बाजूनं आत घुसले. सूत्रसंचालकानं त्यांना ओळखलं, नाव पुकारलं, टोपी-टॉवेल दिला. त्यांनी हात जोडले, एका माणसाचा हात हातात घेतला, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, पिशवीतला आहेर दिला. मुलीकडच्यांना वाटलं पाहुणा मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचा. आपण भलत्याच मांडवात आहोत हे आप्पासाहेबांना कळलं ते बद्रीनाथचं नाव पलीकडच्या माईकवरून ऐकू आलं तेव्हा. ते मागच्या मागं सटकणार, तेवढ्यात भटजी ओरडले, "मुलीचे मामा कुठंयत? मुहूर्त टळायला लागला!"

मामा नव्हते. मामांची जीप पैठणच्या रस्त्यावर पंक्चर झाली होती. बायकांत कुजबुज सुरू झाली, नवरीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कुणीतरी समजूतदार माणूस म्हणाला, "अरे, आप्पासाहेब हायेत की! मामाच्या जागी उभे राहतेत." छत्तीस वर्षांत आप्पासाहेबांच्या तोंडून "नाय" हा शब्द मांडवात कधी निघालेला नव्हता. तो त्यांनी आताही शोधला, पण सापडला नाही.

ते अंतरपाटाजवळ नवरीच्या मागं उभे राहिले. नवरीनं मुंडावळ्यांतून मान वळवून पाहिलं.

"तुम्ही कोण?" ती हळूच म्हणाली.

"मामा."

"कोणते?"

"आजच्यापुरता," आप्पासाहेब म्हणाले. "पुढं बघ, बाळा."

मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींनी आपली आटोपली, पण मग नवरीच्या आत्यानं एक स्वतः रचलेलं म्हटलं. ते ऐकून नवऱ्याच्या मावशीला स्फुरण चढलं. तिनं दोन म्हटली. मग एका निवृत्त गुरुजींनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला. त्यात दोन्ही घराण्यांच्या सगळ्या माणसांची नावं वृत्तात बसवली होती, आणि न बसणारी पुन्हा पुन्हा म्हटली होती. आप्पासाहेबांच्या हातातल्या अक्षतांना घाम सुटला. एक वाजला. सव्वा वाजला. नंतर ते तिथून सुटले तर बद्रीनाथनं पकडलं, "शेजारच्या मांडवात मामा झाले आन् आम्हाला तोंडबी नाय दाखवलं व्हय?" म्हणून त्याच्याकडं आणखी एक टोपी, आणखी एक टॉवेल आणि पाऊण तास.

परतीच्या रस्त्यावर आप्पासाहेबांना पहिल्यांदाच स्वतःचा राग आला. दोन वाजून गेले होते. डोळ्यांसमोर गयास दिसत होता, ताट वाढून बसलेला. पोरीच्या लग्नाचा दिवस, पहाटेपासूनची धावपळ, आणि हा बाबा उपाशी. कुणासाठी? आपल्यासाठी. आपण कुठं होतो? एका अनोळखी पोरीच्या मागं, मामा होऊन. फेट्याचा शेमला वाऱ्यानं तोंडावर येत होता आणि तो बाजूला सारायलाही त्यांना हात मोकळा नव्हता.

गुलमंडीतल्या शाळेच्या अंगणात पोचले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पाहुणे उठून गेले होते. देगी पालथ्या घालून घासायला काढल्या होत्या. सतरंजीवर जेवणाच्या पांढऱ्या दस्तरखानाची एकच पट्टी उरली होती आणि तिच्यापुढं गयास बसला होता. समोर दोन ताटं, दोन्ही झाकलेली.

आप्पासाहेब गुलाबी फेट्यात, काखेत तीन टोप्या आणि तीन टॉवेल घेऊन उभे राहिले.

"बैठ," गयास म्हणाला. एवढंच. आणि त्यानं ताटावरचं झाकण काढलं. नान आणि खलिया, म्हणजे मटणाचा झणझणीत रस्सा. खलियावर तवंग गोठला होता. आबेदाभाभी आतून धावत आल्या आणि वाडगे गरम करायला घेऊन गेल्या. त्यांच्या मागं चतुराबाई उभ्या होत्या, हातात मिठाईची वाटी, चेहरा चांगला तृप्त. त्यांनी नवऱ्याला नुसतं नजरेनं खाली बसवलं.

आप्पासाहेब बसले, पण एकाच पायावर. दुसरा पाय उभाच होता. कारण तात्यासाहेबांच्या मुलाचं लग्न शाळेच्या भिंतीपलीकडच्याच मंगल कार्यालयात होतं. माईकचा आवाज सरळ ताटात पडत होता. साहेबांचं लग्न, आणि मध्ये नुसती एक भिंत.

"गयास," ते अजिजीनं म्हणाले, "खलिया गरम होऊस्तोवर दोन मिनिटांत जाऊन येतो. देवाशपथ, दोनच मिनिटं. नुसतं तोंड दाखवतो."

गयासनं नानाचा तुकडा मोडला होता, तो परत ताटात ठेवला. त्या ठेवण्यात जे होतं ते आप्पासाहेबांना कळलं. तरी पाय उठायलाच लागला होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडून सूत्रसंचालकाचा, बन्सीचा, आवाज घुमला. "आपल्या सर्वांचे परिचित, प्रत्येकाच्या सुखदुःखात धावून येणारे, चितेगावचे भूषण, आदरणीय आप्पासाहेब शेजूळ यांचं शुभागमन झालेलं आहे! आप्पासाहेब व्यासपीठावर स्थानापन्न झालेले आहेत. टोपी-टॉवेल देऊन त्यांचं स्वागत करण्यात येत आहे." आणि टाळ्या पडल्या. चांगल्या दणकून पडल्या.

आप्पासाहेब अर्धे उठलेले तसेच राहिले.

"अरे," ते म्हणाले, "पण मी तर हितं हाये!"

"उनको नै मालूम," गयास म्हणाला. "मेरे को मालूम है."

आप्पासाहेबांनी भिंतीकडं पाहिलं. आजवरची सगळी लग्नं त्यांच्या डोक्यातून भराभर गेली असावीत, कारण त्यांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला, आणि मग त्यांना असं हसू फुटलं, की फेटा सुटून दस्तरखानावर आला. हसता हसता डोळ्यांना धार लागली आणि ती थांबेना. गयासनं त्यांच्याच काखेतला एक टॉवेल ओढून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी डोळे पुसले. डोळे ओलेच राहिले.

मग त्यांनी दुसरा पाय दुमडला आणि मांडी घातली. आबेदाभाभींनी वाफाळता खलिया आणून ठेवला. दोघांनी एकदमच पहिला घास घेतला.

भिंतीपलीकडं बन्सी रंगात आला होता. "आता मी आदरणीय आप्पासाहेबांना विनंती करतो, की त्यांनी वधूवरांना आशीर्वादपर दोन शब्द बोलावेत." शांतता झाली. माईक खरखरला. "आप्पासाहेब... आप्पासाहेब शेजूळ..." पुन्हा शांतता. मग बन्सीनं घसा साफ केला आणि वेळ मारून नेत म्हणाला, "आप्पासाहेब जेवायला बसलेले आहेत."

आप्पासाहेबांनी मान डोलावली आणि दुसऱ्या नानाला हात घातला.